पगडीला आला तो आमदार

गल्लीच्या तोंडाशी नवे पेव्हर ब्लॉक बसले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारी लोखंडी पाटी उभी राहिली. पाटीवर कामाचं नाव, निधी, रक्कम आणि ते सगळं कुणामुळे झालं, असा सविस्तर मजकूर असणार. पण ती उभी राहिली त्याच रात्री कुणीतरी अकरावी-बारावीच्या क्लासचं पोस्टर तिच्यावर थापलं. खालच्या कडेला "यांच्या विशेष प्रयत्नाने" एवढेच शब्द उरले. कुणाच्या, ते पोस्टरच्या पोटात.

उल्हासनगर तीन नंबरात एवढा ऐवज आठवडाभर पुरतो.

"टीचर, मी सांगते, हे आमदारांचं काम," दादी भिंतीवर कोपर टेकून म्हणाली. मी शाळेत शिकवत होते, म्हणून सगळी बॅरेक मला टीचर म्हणते, निवृत्त झाले तरी. आमच्या दोघींच्या अंगणांतली भिंत छातीएवढी आहे. सकाळी तिच्यावरून दादीची कोकी इकडे येते, संध्याकाळी माझं थालीपीठ तिकडे जातं आणि मधल्या वेळात बातम्या.

"कशावरून आमदारांचं?"

"लोखंडाची पाटी आहे ना. नगरसेवकाची पाटी पत्र्याची असते."

या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पलीकडच्या खोलीतले जगताप भाऊ दात घासत उभे होते. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस, लोखंडावर बोलायचा हक्क त्यांचाच. त्यांनी चूळ भरली आणि निकाल दिला, "दादी, अँगल जाडजूड आहे. हे खासदारांचं काम."

"आणि मी म्हणते महापालिकेचं," मी म्हटलं. पैज लागली. हरेल त्यानं सगळ्यांना दाल-पकवान खिलवायचं.

ज्यांना उल्हासनगर माहीत नाही त्यांना आमची बॅरेक म्हणजे काय ते कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ही लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना सरकारनं या छावणीत आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून गावाचं नाव उल्हासनगर पडलं. पण नाव पडलं तरी छावणीचे नंबरी कॅम्प गेले नाहीत. आजही रिक्षावाल्याला 'उल्हासनगर' म्हणून चालत नाही, 'तीन नंबर' म्हणावं लागतं. दादी १९५१ ची, जन्म याच बॅरेकीतला. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब चाळवजा इमारतीत मध्ये पोती बांधून खोल्या पाडल्या होत्या, असं ती आईकडून ऐकलेलं सांगते. पोत्यांच्या जागी विटा आल्या, पुढच्या बाजूला पडवी वाढली, पडवीवर माळा चढला, माळ्यावर स्लॅब पडला. कुणालाच परवानगी विचारावीशी वाटली नाही. हा मुद्दा पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

"पण भाऊ, आमदार म्हणजे कुठला, तेही सांगा ना," मी म्हटलं. कारण हा प्रश्न आमच्याकडे सोपा नाही. एक, दोन आणि तीन नंबरचे आम्ही उल्हासनगर मतदारसंघात, आमचे आमदार कुमार आयलानी. दादीची लेक चार नंबरात दिली आहे, ती अंबरनाथ मतदारसंघात, तिचे आमदार डॉ. बालाजी किणीकर. चार-पाच नंबरचा आणखी काही भाग कल्याण पूर्वेला जोडलेला, त्यांचा आमदार तिसरा. महापालिका एकच, पाण्याची लाईन एकच, गटार तर सगळ्यांचं एकमेकांत मिसळलेलंच, पण आमदार तीन.

"आमच्यात चार," जगताप भाऊ म्हणाले. ते खोटं नव्हतं. ते स्वतः आयलानींच्या मतदारसंघात, मेव्हणा अंबरनाथला किणीकरांच्या, पुतण्या विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे कल्याण पूर्वेत आणि धाकटा भाऊ बदलापूरला. बदलापूर मुरबाड मतदारसंघात येतं, तिथे किसन कथोरे. दिवाळीला सगळे जमले की फराळाच्या ताटाभोवती चार आमदारांचे चार वकील बसतात. "किणीकर २००९ पासून चारदा निवडून आलेत," मेव्हणा सुरू करतो. "अंबरनाथला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, शंभर जागांचं." धाकटा भाऊ लगेच, "कथोरे त्यांच्याआधी तुमच्याच अंबरनाथचे आमदार होते, २००४ ला. मतदारसंघ राखीव झाला म्हणून मुरबाडला गेले. आणि चिखलोली स्टेशन होतंय ना, त्याचं काय?" चिखलोली स्टेशन अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये. त्यामुळे त्याचं श्रेय कुणाचं यावर दर दिवाळीला चकल्या मोडतात. वास्तविक स्टेशन रेल्वेचं, म्हणजे दोन्ही आमदारांपैकी कुणाच्याच हातातलं नाही, पण हे बोलायला गेलं की भाऊबंद एकत्र होऊन बोलणाऱ्यावरच तुटून पडतात.

"आणि पुतण्या काय म्हणतो?" दादीनं विचारलं.

"तो काही म्हणत नाही. तो चकली खातो."

यावर तिघंही थोडा वेळ गप्प झालो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याच शहरातल्या हिललाईन पोलीस ठाण्यात, थेट पोलीस अधिकाऱ्याच्या दालनात गोळीबार झाला आणि कल्याण पूर्वेचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. सगळ्या देशानं ते सीसीटीव्हीचं चित्रण पाहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड तिथून निवडून आल्या. पुतण्या चकली का खातो ते समजतं.

"आपल्याकडे तर पहिल्यापासून असंच आहे पुट," दादी म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या जगताप भाऊंना ती पुट, म्हणजे बेटा, म्हणते आणि त्यांना ते आवडतं. "नव्वद साली पप्पू आला. कलानी. पुढची तीन इलेक्शन पण तोच. आत होता तरी आला. लोक म्हणायचे, साईं आत आहेत म्हणून काय झालं, मत बाहेर आहे ना."

पप्पू कलानींबद्दल आमच्या भिंतीवर बोलायचं झालं तर आवाज अजूनही आपोआप खाली येतो, जरी २०१३ मध्ये कोर्टानं एका खुनाच्या खटल्यात त्यांना जन्मठेप सुनावली असली तरी. १९९०, १९९५, १९९९, २००४, अशा चार निवडणुका त्यांच्या. २००९ ला कुमार आयलानींनी त्यांना हरवलं, तेव्हा तीन नंबरात लोकांनी एकमेकांना दोन-दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. २०१४ ला पप्पूंच्या पत्नी ज्योती कलानी उभ्या राहिल्या आणि आयलानी दोन हजारांच्या आतबाहेर मतांनी पडले. २०१९ ला पुन्हा ज्योतीताईच समोर, आणि आयलानी जवळपास तेवढ्याच, दोन हजारांच्या फरकानं आले.

"म्हणजे चार हजार माणसांनी पाच वर्षांनी मन बदललं," जगताप भाऊ म्हणाले.

"दोन हजार," मी म्हटलं. "एक इकडून तिकडे गेला की फरक दोनाचा पडतो." टीचर म्हणवून घ्यायचं तर एवढं करावं लागतं.

"मग ती दोन हजार माणसं तीन नंबरातलीच," दादी म्हणाली. "त्यात मी एक."

"तुम्ही कुणाला दिलं होतं दादी?"

"चौदाला की एकोणीसला?"

"दोन्हीला."

"ते मी माझ्या नवऱ्याला नाही सांगितलं, तुला काय सांगू."

२०२४ ला मात्र गणित संपलं. कलानींचे चिरंजीव ओमी समोर होते आणि आयलानी तीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पण या दोन घरांची लढाई फक्त विधानसभेत नाही. २०१७ मध्ये ओमी कलानींची माणसं भाजपच्याच चिन्हावर महापालिकेत आली होती, तेव्हा आधी आयलानींच्या पत्नी मीना आयलानी महापौर झाल्या आणि पुढच्या वर्षी ओमींच्या पत्नी पंचम कलानी. एका पक्षात दोन्ही घरं. विधानसभेचं तिकीट आलं तेव्हा परत दोन घरं दोन पक्षांत. या शहरात पक्ष बघून मत देणाऱ्या माणसाची फार ओढाताण होते.

तोवर मासेवाली येऊन गेली, दादीनं पापलेट नाकारला, मी बोंबील घेतले आणि विषय मूळ पदावर आला.

"दादी, आमदारांनी काम केलं म्हणता, तर काय काम केलं ते सांगा. ब्लॉक सोडून."

"माझ्या जेठांच्या पगडीला आले होते." पगडी म्हणजे सिंध्यांत बाराव्याला होणारा विधी, घरातला कर्ता गेला की थोरल्या मुलाच्या डोक्यावर पगडी ठेवतात आणि सगळा समाज भेटायला येतो. "पंधरा मिनिटं बसले. चहा नाही घेतला."

"कुठले आमदार? कधीचे?"

"अडे, जे होते ते. तेव्हा जे होते ते आले. आमदार येतोच." हे तिनं अशा सुरात सांगितलं की जणू घटनेतच तसं कलम आहे.

मी तिला समजावायला गेले. सांगितलं की दादी, आमदाराचं काम मुंबईला विधानभवनात, हिवाळ्यात नागपूरला. तारांकित प्रश्न विचारायचा, लक्षवेधी मांडायची, कायदा करायचा, बजेटवर बोलायचं. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पण तोही त्यांच्या खिशात येत नाही. त्यांनी फक्त काम सुचवायचं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, पैसा काम करणाऱ्या यंत्रणेकडे. पाच कोटी ऐकायला मोठे वाटतात, पण मतदार अडीच-पावणेतीन लाख असतील तर डोईवर दोनशे रुपयांच्या वर येत नाहीत.

"दोनशेला तर आता पापलेटचं शेपूटही येत नाही," जगताप भाऊ म्हणाले.

"म्हणून मी म्हणते," दादीनं माझाच मुद्दा माझ्यावर फिरवला, "दोनशे रुपयांत पगडीला आला, तर स्वस्तच पडला ना?"

आता खरं सांगायचं तर दादीचं म्हणणं मला पूर्वी हास्यास्पद वाटायचं. आता तेवढं वाटत नाही. आमच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली. मधली पावणेचार वर्षं नगरसेवक नव्हते. आयुक्त हेच प्रशासक. माजी नगरसेवक होते, पण ते "माजी" या शब्दामागे लपायचे. कचऱ्याची गाडी आली नाही, नळाला गढूळ पाणी आलं, वालधुनी नदी तुंबून पाणी घरात शिरलं, लोकांनी जायचं कुणाकडे? निवडून दिलेला माणूस एकच उरला, आमदार. तेव्हा गटारापासून दाखल्यापर्यंत सगळं त्याच दारात. आमदाराचा नगरसेवक आम्ही या काळात करून टाकला, आणि त्यांनीही ते मनापासून होऊ दिलं, कारण गटारावर झाकण टाकलं तर फोटो येतो. विधानसभेत उपप्रश्न विचारला तर त्याचा फोटो कसा काढणार?

पाण्याचंच घ्या. उल्हासनगरला स्वतःचं धरण नाही, स्वतःचा पाणीस्रोत नाही. पाणी एमआयडीसीकडून विकत येतं. आमच्या गल्लीत नळ गेला की लोक आधी प्लंबरला, मग माजी नगरसेवकाला, मग आमदाराला शिव्या देतात. प्रत्यक्षात पाणी देणारी एमआयडीसी, वाटणारी महापालिका, आणि थकबाकीवरून दोघांचं जुनं भांडण. इथे आमदाराला खरंच काम आहे, कारण एमआयडीसी राज्य सरकारची. पण ते काम उद्योगमंत्र्यांच्या टेबलावर होतं, आमच्या नळाखाली बसून नाही.

मध्यवर्ती रुग्णालयाचंही तेच. ते आमच्या तीन नंबरात आहे, महापालिकेच्या मुख्यालयासारखंच, पण महापालिकेचं नाही. राज्याच्या आरोग्य खात्याचं आहे. कर्जत, मुरबाड, शहापूर, बदलापूरकडचे रुग्ण तिथेच येतात. बाहेरच्या फुटपाथवर सकाळी त्यांचे नातेवाईक डबे उघडून बसलेले दिसतात. डॉक्टर नाही म्हणून ओरडायचं तर महापालिकेत ओरडून उपयोग नाही. तिथली पदं मंत्रालयात भरतात आणि मंत्रालयात आमच्या वतीनं जाऊ शकतो तो एक आमदार. मी हे सांगत असताना जगताप भाऊ मान हलवत होते. त्यांची बायको तिथे दहा दिवस होती. "नर्स चांगल्या होत्या," ते म्हणाले. "पण एका नर्सला किती खाटा, ते मी मोजलं नाही. मोजवलं नाही."

अकराच्या सुमारास दादीचा नातू कॉलेजातून आला. स्टेशनजवळच्या सीएचएममध्ये दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला पैज कळल्यावर त्यानं जाऊन पोस्टर सोलायला घेतलं. खळ चांगलीच घट्ट होती. आधी रक्कम दिसली, मग कामाचं नाव, मग निधी: महापालिका निधी. मी टाळी वाजवली. शेवटी नावाच्या जागी पोहोचला तर तिथला रंगच पोस्टरबरोबर सोलून आला होता. विशेष प्रयत्न कुणाचे ते आता कायमचं गुलदस्त्यात.

"महापालिका निधी म्हणजे कुणाचा पैसा?" दादीनं विचारलं.

"आपला. घरपट्टीचा."

"माझ्या पैशानं झालं?" दादी खरोखर संतापली. "मग माझं नाव का नाही टाकलं?"

पकवानाची ऑर्डर तरीही तिनंच दिली, हरली म्हणून नाही, भूक लागली म्हणून. पकवान मोडता मोडता तिनं पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला आणि भिंतीवरून माझ्या हातात दिला. मुलाच्या इमारतीला आलेली नोटीस होती. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, अहवाल द्या, नाहीतर पुढची कारवाई.

सकाळपासूनच्या थट्टेत तिच्या पदराला हा कागद होता.

दादीच्या मुलाचं घर नव्वदच्या दशकातल्या इमारतीत आहे. त्या वर्षांत उल्हासनगरात इमारती पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅरेकीच्या जागी पाच-पाच मजले. नदीची रेती मिळत नव्हती तेव्हा दगडाची भुकटी घालून स्लॅब ओतले, असं गावात सगळे सांगतात. मे २०२१ मध्ये १५ तारखेला मोहिनी पॅलेसचा स्लॅब वरून खालपर्यंत कोसळला, पाच माणसं गेली. तेरा दिवसांनी नेहरू चौकाकडच्या साईशक्ती इमारतीत तसंच झालं, सात गेली. एक स्लॅब पडला की तो खालच्यावर, खालचा त्याच्या खालच्यावर. त्यानंतर नोटिसा आल्या. ऑडिट करायचं तर पैसे रहिवाशांनी काढायचे, दुरुस्ती निघाली तर तेही त्यांनीच, आणि इमारत पाडायची वेळ आली तर नवी बांधायला परवानगी मागायला गेल्यावर पहिला प्रश्न, जुनीला परवानगी होती का?

नव्हती. तीच तर गोष्ट. २००५ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयानं इथल्या ८५५ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला, तेव्हा शहराच्या पायाखालची जमीनच सरकली. मग विधिमंडळानं एक असा कायदा केला ज्याच्या नावातच आमचं शहर आहे: उल्हासनगर शहरातील अनधिकृत विकासकामे नियमित करण्याचा २००६ चा अधिनियम. महाराष्ट्रात एवढी शहरं, पण बेकायदा बांधकामासाठी स्वतःच्या नावाचा कायदा मिळवण्याचा मान आमचा. आणि तो करूनही फार थोड्या इमारती त्याखाली नियमित झाल्या. दंड भरायचा कुणी? बिल्डर हयात नाही किंवा गाव सोडून गेलेला. जमिनीची सनद हवी, ती बापाच्या नावावर, बाप गेला, तीन भाऊ तीन गावांत. इमारत मजबूत असल्याचा दाखला हवा, तो द्यायला इंजिनिअर तयार नाही. २०२१ च्या दुर्घटनांनंतर तेव्हाचे नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांनी महसूल खात्याच्या अपर मुख्य सचिवांची समिती नेमवली. नियम सोपे करायचं ठरलं. आयलानी, किणीकर आणि खासदार श्रीकांत शिंदे, तिघांनी या विषयाचा पाठपुरावा केल्याचं आम्ही पेपरात आणि त्याहून जास्त फलकांवर वाचलं. मी फलक वाचून हसत असे. पण हाच एक विषय असा आहे की जो गल्लीत सुटणारच नाही, विधानभवनातच सुटेल. दादीच्या मुलाच्या डोक्यावरचा स्लॅब हा अक्षरशः विधानसभेचा विषय आहे.

"तर मग जाऊ या ना आमदारांकडे," जगताप भाऊ म्हणाले.

"जाऊन काय सांगणार?"

"नोटीस थांबवा म्हणून."

"आणि स्लॅब? त्याला कोण थांबवणार?" दादीनं विचारलं. तिच्या तोंडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं. "नोटीस नको थांबवायला. मुलगा म्हणतो थांबवा. मी म्हणते, रात्री मी तिथं झोपायला जात नाही. नातवाला पण इकडे आणलंय."

तेव्हा मला कळलं की पोरगा महिन्याभरापासून आजीकडे का दिसतोय.

मी कागद-पेन आणलं. अर्ज मराठीत लिहायचा तो मी, हे ठरलेलंच. माझ्या मनात अर्ज तयार होता: माननीय महोदय, येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा की, २००६ च्या कायद्याखाली आजवर किती अर्ज आले, किती इमारती नियमित झाल्या, किती अर्ज कोणत्या कागदासाठी अडकले आणि धोकादायक इमारतीतल्या कुटुंबांची पाडकामाच्या काळात राहण्याची सोय काय. उत्तर लेखी मिळतं. लेखी मिळालं की ते घेऊन भांडता येतं. मी हे वाचून दाखवलं.

"चांगलं आहे," जगताप भाऊ म्हणाले. "त्यात मध्यवर्ती रुग्णालयाच्या नर्सची पदं पण टाका. किती मंजूर, किती भरलेली."

टाकलं.

"आणि गटार," दादी म्हणाली.

"दादी, गटार महापालिकेचं. आता नगरसेवक आलेत, त्यांना सांगू."

"नगरसेवकाला पण सांगू. यात पण टाक. कुणास ठाऊक कोण आधी वाचेल."

"अशानं मुख्य मुद्दा बाजूला राहील."

"टीचर, तू शाळेत एका पेपरात पाच प्रश्न काढायचीस ना? मुलं सोपा आधी सोडवतात. त्यांना पण एक सोपा दे."

मी गटार तिसऱ्या क्रमांकावर घातलं. जगताप भाऊंनी अर्ज दोनदा वाचला, फॅक्टरीतल्या सवयीनं खाली प्रत माहितीसाठी म्हणून आयुक्तांचं नाव लिहायला लावलं आणि सही केली. नातवानं मोबाईलवर फोटो काढला. दादी सही करून आत गेली, म्हणून मी कागदाची घडी घालायला लागले, तर ती लगबगीनं परत आली, हातात लाल-सोनेरी पाकीट.

"याच्यासोबत हे टाचणीनं लाव."

"हे काय?"

"पुतणीचं लग्न आहे ना पुढच्या महिन्यात. पत्रिका. वर आमदारसाहेब सहपरिवार असं लिही, मराठीत."

"दादी, तारांकित प्रश्नाच्या अर्जाला लग्नपत्रिका?"

"हां तो? अर्ज हरवतात," दादी म्हणाली. "पत्रिका आजपर्यंत कुणाची हरवली नाही."